चार पतंग

त्या सोमवारी एका बागायतदाराने फवारणी केली आणि ड्रेस्डेनजवळच्या सफरचंदाच्या बागांचा, कमी फवारणीसाठी केलेला आमचा गट मोडला. सापळ्यात फळ पोखरणाऱ्या अळीचे पाच पतंग सापडेपर्यंत कोणीच फवारायचं नाही, असं ठरलं होतं. मोजणी आमच्या संस्थेतले नाशिकचे एक गृहस्थ करत. टाचणीने प्रत्येक कीटक उलटून बघत. मध्येच कोणी बोललं, की पुन्हा पहिल्यापासून.

आदल्या आठवड्यात चार निघाले होते. "पाच लिहा की," बागायतदार म्हणाला.

"आल्झो, म्हणजे असं बघा, पाचवी माशी आहे. तिला पतंग कसं करू?" मोजणारे गृहस्थ म्हणाले.

बैठकीत सगळे त्यांना म्हणाले, "एका आकड्यासाठी गट घालवलात!" चारच होते, हे मीही पाहिलं होतं. मी गप्प बसले.

हिवाळ्यात ते वारले. आता गटात दोनच बागा उरल्या आहेत आणि सापळे मी मोजते.