भाऊबीजेचा पिक्चर आणि निमसेकाकांचं कोपर

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. जिन्यात बसून कोथिंबीर निवडायला घेतली की ते आपोआप सुपात पडतात, निवडणारीला दोन कान असले म्हणजे झालं. त्यात आमच्या बारा बिऱ्हाडांच्या सोसायटीत दर भाऊबीजेला पार्किंगमध्ये पिक्चर लावतात. गेली पंधरा वर्षं तोच. पिक्चर जुना, किस्सा दर वर्षी ताजा.

पिक्चर एका गाजलेल्या कादंबरीवरचा. सासरी एकटी पडलेली बहीण, रुसलेला भाऊ, आणि भाऊबीजेला तो येतो की नाही, एवढीच गोष्ट. दुपारपर्यंत सगळ्यांचे भाऊ जेवून, ओवाळून घेऊन जातात, म्हणून साडेचारला सुरू करायचा. उजेड अडवायला पार्किंगच्या चारी बाजूंना घराघरातल्या चादरी बांधायच्या. कोणाच्या घरी नव्या चादरी कपाटात आणि विरलेल्या अंगावर, हे वर्षातून एकदा सगळ्यांना कळतं.

*

प्रोजेक्टर निमसेकाकांच्या ताब्यात. काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले, पण एसटी काकांमधून अजून रिटायर झालेली नाही. "पुढच्यांनी मागं सरका, दरवाज्यात थांबू नका," हे ते पार्किंगलाही सांगतात.

आमची कॉपी कोणीतरी टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली, जाहिरातींसकट. आम्हा बायकांना जाहिराती पाठ. साबणाची लागली की वर जाऊन आधण ठेवायचं, कुकरची लागली की साखर-पावडर, केसांच्या तेलाची लागली की गाळायचा.

एका वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या केतकीने, ती कॉम्प्युटरमध्ये आहे, कुठून तरी स्वच्छ कॉपी आणली. रंग झकास, आवाज खणखणीत, जाहिरात एकही नाही. आम्ही साबणाची वाट बघत बसलो. साबण आलाच नाही. पिक्चर संपला तेव्हा चिवड्याचे डबे बंद आणि चहाचं भांडं कोरडं.

काका केतकीला म्हणाले, "पोरी, ही तुझी नॉनस्टॉप गाडी हाय. आपल्याला लाल डबा लागतो, गावोगाव थांबणारा."

पुढच्या वर्षी साबण परत आला.

*

पिक्चरच्या शेवटी भाऊ एसटीतून उतरतो. ते शूटिंग नाशिकजवळ झालं होतं आणि ती गाडी निमसेकाका चालवत होते. तोंड दिसत नाही. खिडकीबाहेर आलेलं कोपर दिसतं, दोन सेकंद. दर वर्षी काका तिथे पिक्चर थांबवतात, पडद्यापाशी जातात आणि बोट ठेवतात. "कोपर बघा."

केतकीने एकदा विचारलं, "काका, तुमचंच कशावरून?"

काकांनी बाही वर केली आणि पडद्यावरच्या कोपराशेजारी आपलं कोपर धरलं. आम्ही सगळे पुढे वाकून बघत होतो. इतक्या वर्षांत काय काय बदलतं, पण कोपर कसं बदलणार?

"कोपर तुमचं, मान्य," मागून देशमुख सर म्हणाले. "पण तो माणूस उतरायलाच नको होता. कादंबरीत तो येत नाही."

"गाडी मी चालवत होतो का तुम्ही? मी आणला म्हणून आला."

*

देशमुख सर मराठीचे मास्तर. त्यांच्या मते पिक्चरवाल्यांनी कादंबरीचा खून केला. कादंबरीत भाऊ येत नाही. बहीण वाट बघते आणि मग गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळते. ज्यांना भाऊ नाही त्या बायका ओवाळतात तशी. फरक इतकाच की हिला भाऊ असतो.

एका वर्षी सरांनी पिक्चरच्या आधी ते शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. वाचतात सुंदर. सगळं पार्किंग रडलं. नंतर कोणी चकलीला हात लावेना, आणि पिक्चरमध्ये भाऊ आला तेव्हा तो कोणाला खरा वाटेना.

काका म्हणाले, "सर, आमची मोडकी गाडी पण शेवटच्या स्टॉपला पोचवायची. तुमच्या कादंबरीनं घाटात उतरवलं राव."

सर आठ दिवस काकांशी बोलले नाहीत. मग प्रोजेक्टरची वायर शोधायची वेळ आली आणि बोलले.

*

आता सुमनताईंबद्दल सांगायला हवं. माझ्या समोरचंच दार त्यांचं. यजमान गेले, मुलगा बंगलोरला. धाकटा भाऊ दत्तू चांदवडला, कांद्याची शेती. पूर्वी दर भाऊबीजेला यायचा आणि जिन्यातच ओरडायचा, "आक्का, भूक लागली."

सात दिवाळ्यांमागे त्याच्या मुलीचं लग्न झालं. पत्रिकेत काका, मामा, मावश्या, सगळ्यांची नावं. खाली "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं" म्हणणाऱ्या पोरांत दीड वर्षाच्या पिंट्याचंही नाव. आत्याचं नाव नाही. पत्रिका मी स्वतः वाचलीय. त्यांनी दाखवली नव्हती, पण देवघराच्या फळीवरच होती.

दत्तूने नातेवाइकांकडून निरोप पाठवला, छापखान्याची चूक झाली. सुमनताई म्हणाल्या, "छापखाना माझा भाऊ नाही." त्या लग्नाला गेल्या नाहीत. तो भाऊबीजेला आला नाही. मग दोघांनाही ते सोयीचं झालं असावं, किंवा अजिबात झालं नसावं.

तेव्हापासून पिक्चरमध्ये एसटीचा हॉर्न वाजला की सुमनताई उठतात. "गॅसवर दूध आहे गं." सहा वर्षं ते दूध कधी उतू गेलं नाही. त्या तबक घेऊन गच्चीवर जातात. बीजेची कोर पश्चिमेला तासभर टिकते जेमतेम. सगळ्या सोसायटीला माहीत आहे, पण कोणी विषय काढत नाही. मीसुद्धा नाही, म्हणजे बघा.

*

सरांना मात्र वाटलं, या बाईला आपली कादंबरी कळेल. त्यांनी कव्हर घातलेली प्रत सुमनताईंना वाचायला दिली. चौथ्या दिवशी ती परत आली. मी तेव्हा जिन्यातच होते, मेथी निवडत.

"आवडली?" सरांनी विचारलं.

"तुमचं बरोबर आहे, सर. तो येत नाही."

पंधरा वर्षांत सरांशी सहमत झालेलं हे पहिलं माणूस. सर पुस्तक हातात धरून तिथेच उभे. मग मला म्हणाले, "नको होती द्यायला."

काका वरून जिना उतरत होते. त्यांनी ऐकलं. ते काही बोलले नाहीत. निमसेकाका बोलले नाहीत हेच मला खटकायला हवं होतं.

*

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला काका सकाळीच गायब. मी गॅलरीतून विचारलं, "कुठे निघालात सणाचे?" म्हणाले, "काम हाय. पिक्चर केतकीला सांगितलाय."

पिक्चर लागला, साबण आला, चहा झाला. हॉर्न वाजला, सुमनताई उठल्या. "दूध आहे गं." एसटी थांबली आणि केतकीने मानाने कोपरावर पिक्चर थांबवला. बोट ठेवायला काका नव्हते. आम्ही सगळे त्या कोपराकडे बघत होतो, चुकल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात एक चादर सरकली आणि पडद्यावर टोपी घातलेल्या डोक्याची भलीमोठी सावली पडली.

"ओ, खाली बसा. डोकं मधे येतंय."

"बसायला नाय आला तो," मागून काकांचा आवाज. "चांदवडवरून आणलाय. द्वारका सर्कलला उतरून चालत आलो. लय रडवलं ह्यानं, गाडीत बसतच नव्हता." मग सरांकडे वळून म्हणाले, "सर, पुस्तकात येत नाय ना हा? मी उतरवलाय."

दत्तू टोपी काढून उभा. कोणीतरी नुसतं वर बोट दाखवलं.

माझे गच्चीवर कपडे वाळत होते, त्यामुळे मला जावंच लागलं. सरही मागे आले, चार जिने धापा टाकत. त्यांचे कपडे नव्हते.

सुमनताई कठड्याशी होत्या. निरांजनाला वारा लागू नये म्हणून हाताचा आडोसा केलेला. दत्तू त्यांच्या समोर जाऊन उभा राहिला.

"आक्का, ते छापखान्याचं नव्हतं. मीच नाव दिलं नाय. तू पोरीचं स्थळ नको म्हणाली होतीस, त्याचा राग."

खाली पार्किंगमध्ये आवाज नव्हता. केतकीने पिक्चर पुढे सुरूच केला नव्हता. मग मान न वळवता सुमनताई मला म्हणाल्या, "घरातून पाट आण गं."

मी तिथून हलणार नव्हते. मी सरांना पाठवलं. तो येत नाही, तो येत नाही, असं पंधरा वर्षं सांगणारे देशमुख सर पाट आणायला तीन जिने खाली पळाले.

दत्तूने डोळे पुसले आणि एक पाऊल पुढे आला. सुमनताईंनी तबक उचललं.

"जरा बाजूला हो दत्तू, मधे येतोयस," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं तो न चुकता आलाय. आधी त्याला."