नारळ पडला, एवढंच सांगायचं

दवाखान्यात माणसं दोन गोष्टी हमखास विसरून जातात, तांब्या आणि किस्सा. तांबे आम्ही ज्याचे त्याला परत पाठवले. किस्से साठत गेले, ते मागायला कुणी आलं नाही. तेव्हा आता ते माझेच समजून सांगते. कुणाला मध्येच "अगंबाई, असलं काय बोलता" म्हणून पदर तोंडाला लावायचा असेल, तर तिनं आत्ताच उठून चहा टाकावा.

अलिबागच्या खाली, खाडीच्या तोंडाशी आमचा दवाखाना. खाडीच्या अलीकडे इंग्रजांचा अंमल, पलीकडे हबसाण, म्हणजे नवाबाचं राज्य. माणसं होडीनं ये-जा करायची. मिठाच्या सत्याग्रहाच्या आगेमागेचा काळ. दवाखान्यात आम्ही तिघं: डॉक्टरीणबाई, कंपाउंडर दामूअण्णा आणि मी नर्स. बाई फार कमी बोलायच्या. ती कसर मी भरून काढायची.

* * *

बाई यायच्या आधीपासून आमच्या दारावर एक पाटी होती. गर्भ पाडणं हा गुन्हा आहे, पाडणाऱ्याला तुरुंग आणि पाडून घेणारीलाही तुरुंग. वरच्या कुणीतरी चांगल्या हेतूनं लावली असणार. आता मला सांगा, गर्भ पाडायला सुइणीनं घातलेल्या काडीनं जिला ताप भरलाय, ती ही पाटी बघून आत येईल का? बायकांना वाचता येत नव्हतं, पण बरोबरच्या बाप्याला येत असे, आणि तो मोठ्यानं वाचायचा.

बाईंना हजर होऊन आठवडा झाला नसेल. एक पोरगी आली, बरोबरच्या भावानं पाटी वाचली, दोघं आल्या पावली मागे फिरली. धक्क्यावर होडीची वाट बघता बघता पोरीचा जीव गेला. आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. मला इतका संताप आला होता की मी दिवसभर कुणाशी बोलले नाही, आणि मी न बोलणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी नाही. शोधली, तर हत्यारं उकळायच्या पातेल्याखाली, चुलीत. दामूअण्णा घाबरून म्हणाले, "बाई, पाटी सरकारी होती."

बाई म्हणाल्या, "हत्यारंही सरकारीच आहेत."

* * *

मग बाईंनी नियम घातला. असली बाई आली की एकच प्रश्न विचारायचा, "ताप कधीपासून?" कुणाचं, कुणी केलं, नवरा कुठे, काही नाही. दामूअण्णांना हे जमेना. चौकशी हा त्यांचा जन्माचा छंद. एकीला त्यांनी "यजमान मुंबईला असतात का?" विचारलं आणि ती मागच्या दारानं पसार झाली. मी वाळूतून धावत जाऊन तिला धरून आणली. बाई दामूअण्णांना त्यानंतर जे बोलल्या, ते त्यांच्या आयुष्यातलं सर्वात लांब भाषण असेल.

दामूअण्णा सुधारले, पण इतके सुधारले की माडावरून पडून पाय मोडलेला भंडारी आणला, त्याचं हाड बाहेर दिसतंय, आणि हे त्याला विचारतायत, "ताप कधीपासून?"

* * *

पण विचारलं नाही तरी बायका आपणहून काहीतरी सांगायच्याच. आणि सगळ्या एकच सांगायच्या, "पोटावर नारळ पडला." पहिलीनं कुणी सांगितलं कोण जाणे, पुढे ती रीतच पडली. आमच्या किनाऱ्यावर माड काय थोडे आहेत? पण बाई आल्यानंतरच्या दोन वर्षांत नारळ पडले ते बायकांच्या पोटावरच. पुरुषाच्या डोक्यात एकही पडल्याचं मला आठवत नाही. पडायला हवे होते.

बाई गंभीर चेहऱ्यानं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बरं. नारळावरचं औषध देते."

* * *

आमच्या भागात हे काम करणारी सुईण म्हणजे भागी. बाळंतपणात तिचा हात चांगला, पण काडीही तीच घालायची, आणि ताप भरला की गायब व्हायची. का नाही होणार? सापडली तर तुरुंग. फौजदारांनी तर शपथच घेतली होती, की या भागीला आत टाकल्याशिवाय बदली मागणार नाही. माणूस लाचखाऊ नव्हता हो, कायद्याचा पक्का होता. त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

तर एका सकाळी आतल्या गावातली ठकू आली. तरणी विधवा, अंगाची नुसती भट्टी झालेली. तिच्या मागोमाग फौजदार. त्यांना तिचा जबाब हवा होता, मरायच्या आत. तिनं भागीचं नाव घेतलं की भागी आत, आणि ठकू जगलीच तर तीही आत.

त्या दिवशी आत हलिमाचाचींची सून बाळंत झाली होती. चाचींनी फौजदारांचे बूट वाजलेले ऐकले आणि खाटेवरची चादर ओढून दाराला लावली. "फौजदारसाब, आत जनाना हाय. पडदेवाल्या बाया हायत. तुमी भाईर बसा."

फौजदार म्हणाले, "मला फक्त त्या ठकूला विचारायचंय."

"ती पन पडद्यातली हाय."

"ती कुणब्याची आहे."

"आजपासून," चाची म्हणाल्या.

फौजदार ओसरीवर बसले. दामूअण्णा त्यांना चहा देत राहिले. आत आम्ही ठकूशी झटत होतो. तेव्हा आजच्यासारखी इंजेक्शनं नव्हती. धुवायचं, पुसायचं, थेंब थेंब पाणी पाजायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. ताप उतरला तेव्हा बाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि रडल्या. मीही रडले. चाचीही रडल्या, पण दार सोडलं नाही.

ठकूनं डोळे उघडल्यावर फौजदारांनी पडद्याबाहेरून विचारलं, "काय झालं होतं तुला?"

ठकू म्हणाली, "नारळ पडला."

* * *

फौजदार असे तसे सोडणारे नव्हते. ते ठकूच्या गावी जाऊन आले आणि ओसरीवर उभे राहून म्हणाले, "बाई, तिच्या दारात माडच नाही. शेजारीही नाही. मी स्वतः बघून आलोय."

बाई हात धूत होत्या. म्हणाल्या, "पलीकडे गेली होती पाहुणी. माड नवाबसाहेबांच्या हद्दीतला."

नवाबाच्या हद्दीतल्या माडाची चौकशी इंग्रजांच्या फौजदारानं कशी करायची? टोपी घालून ते निघून गेले. तेव्हापासून आमच्याकडचे सगळे नारळ पलीकडेच पडू लागले.

* * *

ठकू घरी गेल्यावर बाई मला घेऊन भागीकडे निघाल्या. वस्तीच्या टोकाला तिचं खोपट, अंगणात एक झाड नाही. भागी आम्हाला बघून पळायच्या बेतात होती. बाई म्हणाल्या, "ठकू जगली. तिनं तुझं नाव घेतलं नाही, मीही घेणार नाही. यापुढे कुणी आली तर हात लावायचा नाही, माझ्याकडे आणायची. आणि कुणाला आधीच ताप भरला असेल, तर भरल्याबरोबर आणायची."

भागी उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, "न् माजा मान?"

आता हे बाईंना कळेना, मला कळलं. बाळंतीण धडधाकट उठली की सुइणीच्या दारी नारळ घेऊन जायचं, ही इथली रीत. भागीचं म्हणणं, तुम्ही वाचवणार, मग नारळ कुणाला? भागीला मिळणारा मान तेवढा एकच तर होता.

बाई म्हणाल्या, "नारळ तुझाच. जी आणशील ती बरी होऊन तुझ्या दारी येईल. मी बघते."

आणि बघितलं. पहिला नारळ ठकूनं नेऊन दिला. पुढे भागी बायकांना काडी लावायच्या आधीच आणू लागली. कुणाचं बाळंतपण आमच्या मागच्या खोलीत गुपचूप झालं, पोर मुंबईच्या अनाथाश्रमात गेलं. जिच्या जिवालाच धोका असेल, तिच्यासाठी कायद्यानं मोकळी ठेवलेली वाट बाईंनी उजळ माथ्यानं वापरली. धक्क्यावर मात्र त्यानंतर कुणी दगावली नाही. एकही नाही. हे मी आजही छाती पुढे काढून सांगते.

* * *

आता हा शेवटचा.

भर दुपारी दवाखान्याशी छकडा उभा राहिला, वर चादर बांधलेली. पुढे भागी बसलेली. आणि मागून साध्या धोतरात, बोडक्या डोक्यानं फौजदार चालत येत होते. त्यांची विधवा बहीण त्यांच्याकडे राहते, हे गावाला ठाऊक होतं.

दामूअण्णा एवढे गोंधळले की नियम विसरून विचारून बसले, "काय झालं?"

भागी छकड्यातून उतरत म्हणाली, "नारल पडला."

बाई बाहेर आल्या. फौजदारांकडे बघितलंही नाही. चादर सारून आतल्या कपाळावर हात ठेवला आणि विचारलं, "ताप कधीपासून?"

"सकालपासनं," भागी म्हणाली. "म्यां हात लावलेला न्हाय. कलल्याबरोबर आनली."

मग कुणी हात लावला होता? मला माहीत नाही. आमच्याकडे विचारायची पद्धत नव्हती. सकाळचा ताप दुपारी आमच्या हाती आला, म्हणून आम्ही जिंकलो, एवढं खरं. ती आपल्या पायांनी चालत घरी गेली.

पुढे काही दिवसांनी मी एका बाळाला बघायला भागीच्या वस्तीवर गेले होते. बघते तर सगळी वस्ती आपापल्या दारात थिजून उभी. भागीच्या अंगणात फौजदार. टोपी, पट्टा, बूट, सगळा सरकारी थाट. आता हिला नेतात, असं जो तो धरून चाललेला. भागी हात पुसत बाहेर आली.

फौजदारांनी पाठीमागचे हात पुढे केले. हातात सोललेला, शेंडी राखलेला नारळ होता.

भागीनं तो घेतला, कानाशी नेऊन हलवला, पाणी वाजतंय का बघितलं. मग म्हणाली, "बरं क्येलंत, सायेब. माज्या दारात माड न्हाय."