खालच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर

आमच्या खालच्या मजल्यावरच्या अण्णांइतका भाजीचा अपमान करणारा आणि तिचे तितकेच लाड करणारा माणूस अख्ख्या बेंगळुरात दुसरा नसेल. अण्णा मूळचे निपाणीकडचे. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं त्यांनी सुटे भाग तपासून एक तर पास केले, नाही तर परत धाडले. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, तपासणी काही सुटली नाही. सकाळी भाजीच्या गाडीपाशी ते ढिगातल्या पाच भेंड्या उचलतात, शेंडे मोडतात, आणि त्यातली एक जरी जून निघाली तरी "लॉट रिजेक्ट!" म्हणून पुढच्या ढिगाकडे वळतात. दोडका कानाशी धरून हलवून बघतात. भाजीवाली "साकु अण्णा, साकु!" असं कानडीत पुरे-पुरे म्हणत उरलेला माल पदराने झाकायला धावते. पण एकदा पास झालेली भाजी मात्र घरी पाहुणीसारखी येते. कोथिंबिरीची जुडी तर ते पिशवीत कोंबतच नाहीत, हातात धरून मिरवत आणतात.

हे सगळं सुरू झालं गेल्या मार्चमध्ये, त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे आमच्या अक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. तोवर अण्णांना स्वयंपाकघरात लुडबुड करायची सक्त मनाई होती. आता ओटा अण्णांकडे आला आणि अक्का स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. डॉक्टरांनी रोज थोडं चाला म्हणून बजावलं होतं, पण पडायच्या धास्तीने त्या खुर्ची सोडायला तयार नव्हत्या. जिभेला मात्र विश्रांती नव्हती. "काकडी किसायची नसते, चोचवायची असते!" "कैरीत गूळ घालताना हात का आखडतोय तुमचा?" अण्णा "सरी, सरी" असा होकार भरत ऐकून घेत. अक्कांच्या तोंडून एकदा तरी "बरं झालंय" वदवून घ्यायचंच, या हट्टाने त्यांनी उन्हाळाभर आम्हा नवराबायकोला चाखायला बसवलं. दोडक्याच्या शिरांची चटणी झाली, काकडी आणि भिजवलेल्या मूगडाळीची कोसंबरी झाली. पडवळाच्या चकत्या रव्यात घोळवून तव्यावर खरपूस केल्या, त्यांना "बांगड्या" असं नाव दिलं आणि माझ्या बायकोच्या मनगटाशी धरून मापही पाहिलं. "साहेब, स्वल्प चव बघा की," म्हणत ते वाटी घेऊन जिना चढत. मी छान म्हटलं की वैतागत. "तुम्ही काय, कशालाही छान म्हणता!"

मे महिन्यातल्या एका दुपारी अक्कांनी कांदा-कैरीची चटणी बोटाने पुसून संपवली आणि त्या म्हणाल्या, "बरं झालंय. आता मी उठले काय नि न उठले काय, घर चालतंय की."

मी तिथेच बसलो होतो. आता अण्णा नाचायचेच बाकी राहतील, असं मला वाटलं. ते पाठ फिरवून वाटी विसळत राहिले. बराच वेळ विसळत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना जेवायलाच बोलावलं. महिनाभर उत्तम भेंडी करणाऱ्या या माणसाने आमच्यादेखत भेंडी चिरली आणि ती चाळणीत घेऊन सरळ नळाखाली धरली.

"अहो! चिरल्यावर धुतात होय भेंडी? तार सुटेल ना!" अक्का ओरडल्या.

"मग कशी करतात?" अण्णांनी अगदी भोळेपणाने विचारलं आणि नळ आणखी मोठा केला.

अक्का खुर्चीचे हात धरून उठल्या. भिंतीचा आधार घेत चार पावलं चालल्या आणि त्यांनी चाळणी हिसकावून घेतली. "सरका तिकडे!" अण्णा सरकले, पण वीतभरच. त्यांचा एक हात अक्कांच्या पाठीमागे, न टेकता, तसाच धरलेला होता.

फेकायची नाही असं बजावून अक्कांनी तीच भेंडी परतली आणि उभ्यानेच आम्हाला वाढली. ती इतकी बुळबुळीत झाली होती की घास धड उचलता येत नव्हता. अण्णांनी तीनदा मागून घेतली. माझ्याकडे बघून त्यांनी हळूच मान हलवली, काही बोलू नका म्हणून. मी खाली मान घालून जेवत राहिलो. माझे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगायचं तर मला त्या दोघांचा थोडा हेवाही वाटला.