काकूंचे जपानी बूट

इथे आखातात, रोल्लात आमच्या शेजारी एक काकू राहतात. त्यांचे पाय सुजतात म्हणून लेकीने जपानहून मऊ बूट पाठवले. जुने किमोनो फाडून, त्या चिंध्या हातमागावर पुन्हा विणून केलेल्या कापडाचे. काकू ते घालत नाहीत. "कुणाच्या तरी अंगावरचं वस्त्र गं ते. त्यात पाय कसा घालू?" रोज संध्याकाळी त्या रबरी चपला घालून निघतात आणि बुटांना पिशवीतून फिरवून आणतात.

काल त्यांनी आमची बेल वाजवली. लेकीला व्हिडिओ कॉलवर बूट पायात बघायचे होते. "यल्ला, चल. तू इंग्लिश मीडियमची, तुला चालतं."

मला कुणाला नाही म्हणता येत नाही. त्यांचा गाऊन चढवून मी कॉरिडॉरभर चालले. काकू फोन माझ्या पावलांवर धरून मागून बोलत होत्या.

"आई, सूज उतरली की गं!" लेकीचा आवाज भरून आला.

"उतरली ना. खलास!" काकूंनी फोन ठेवला. मग भिंतीला धरून, कण्हत त्या खाली वाकल्या आणि दोन्ही बुटांना हात लावून नमस्कार केला.

बूट अजून माझ्याच पायांत होते.