बाळासोची अविश्वासाची गाडी

कुरुंदवाडात बाळासोच्या सतरा सीटच्या गाडीला लोक ‘अविश्वासाची गाडी’ म्हणतात. लग्नाच्या वऱ्हाडाला, देवदर्शनाला ती जातेच, पण नाव काढलं ते ग्रामपंचायतींमुळं. सरपंचाला खाली ओढायचं ठरलं, की तहसीलदाराकडं ठरावाची नोटीस द्यायची आणि सभेच्या दिवसापर्यंत आपले सदस्य कुणी फोडू नयेत म्हणून त्यांना गावाबाहेर फिरायला न्यायचं, ही आपल्याकडची रीत. गावात राहिलेला सदस्य फुटतो आणि समुद्रात डुंबलेला शाबूत राहतो, असं पुढाऱ्यांचं मत आहे. खरंखोटं समुद्र जाणे.

दहावीत दोनदा आपटलेल्या बाळासोला हा कायदा मात्र तोंडपाठ. निवडीनंतर दोन वर्षं सरपंचाला हात लावता येत नाही. पद बाईसाठी राखीव असेल, तर तीन चतुर्थांश मतं लागतात, म्हणजे अकरात नऊ. स्टेअरिंगवर बोटं मोजत तो हे प्रत्येक सहलीला सांगायचा, कुणी विचारो न विचारो. त्याचे स्वतःचे नियम दोनच. गाव कुठलं, सरपंच कोण, हे विचारायचं नाही. आणि सांगितलेल्या वेळेला माणसं सभेच्या दारात उतरवायची.

दोन हजार तेवीसच्या उन्हाळ्यात धैर्यशील नावाच्या एका उपसरपंचाचा फोन आला. नऊ माणसं, दोन दिवस मालवण, तिसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सभेला परत. बाळासोनं शब्द दिला. ठरल्या सकाळी फोनवर सांगतील तशी गाडी वळवत तो एका फाट्यावर थांबला आणि त्यानं कपाळाला हात लावला. हा फाटा त्याच्या सख्ख्या भाचीच्या सासरचा होता. भाची प्रियदर्शनी तिथली सरपंच. पंचायत अकरा जणांची, पद बाईसाठी राखीव. तिची निवड झाली त्या दिवशी पेढे वाटायला पहिला मामाच धावला होता. गाडी वळवून परत जावं असं फार वाटलं त्याला. पण पिशव्या घेऊन माणसं चढलीसुद्धा, आणि दिलेला शब्द मोडायची त्याला सवय नव्हती.

मालवणात भाचीचा गुन्हा त्याला कळला. पूर्वी सभेची वही शिपाई घरोघरी फिरवायचा. सदस्य ओसरीवर बसून सही ठोकायचे आणि बैठकीचा भत्ता आपोआप मिळायचा. प्रियदर्शनीनं ते बंद केलं. वेळेवर या, सभेत बसा, मग सही करा. रत्नव्वा ही जुनी, मानी सदस्य. ती अर्धा तास उशिरा आली, तर तिचीही सही खोडली. सगळे माशांवर ताव मारत असताना रत्नव्वा आपला वरणभात कालवत ही कहाणी पुन्हा पुन्हा सांगत होती. बाळासो माशाचे काटे काढत ऐकत होता. नेहमीचा कायदाही या वेळी त्याच्या तोंडून निघाला नाही.

परतीच्या दिवशी फोंडा घाट चढताना फोन वाजला. गाडीतल्या स्पीकरला तो जोडलेला होता हे बाळासो विसरला. त्याची बहीण शालूबाई, म्हणजे प्रियदर्शनीची आई, रडवेल्या आवाजात बोलू लागली. “दादा, तुझी गाडी फाट्यावर बघितली म्हणं लोकांनी. पोरीचं पद जातंय. घाटात गाडी बंद पाड की. एवढं कर भाचीसाठी.”

नऊच्या नऊ जणांनी ते ऐकलं.

“शालू, दोनच्या आत पोचवतो म्हणून शब्द दिलाय,” बाळासो म्हणाला. “गाडी बंद पडणार न्हाय.”

आणि अर्ध्या तासात, दाजीपूरजवळ, डिझेलची नळी फुटून गाडी बंद पडली. देवाला थट्टा सुचली की तो वेळकाळ बघत नाही.

धैर्यशीलनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बाळासो फुटकी नळी एकेकाच्या नाकासमोर धरत होता, पण सख्ख्या मामावर कोण विश्वास ठेवणार? त्याला रडू यायचंच बाकी होतं. शेवटी नळी फेकून तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. रिकामे कॅन घेऊन चाललेला दुधाचा टेम्पो त्यानं हात जोडून थांबवला आणि सगळ्यांना त्यात चढवलं. लाडकी गाडी टपरीवाल्याच्या भरवशावर सोडली. राधानगरीत भर उन्हात पळापळ करताना एक चप्पल तुटली, तसाच अनवाणी जाऊन त्यानं वडापची, म्हणजे सीटमागं भाडं घेणारी, जीप ठरवली. रत्नव्वाला पुढं बसवलं, बाकीच्यांना कोंबलं आणि स्वतः मागं लोंबकळत निघाला. दोनला दहा मिनिटं कमी असताना नऊ माणसं पंचायतीच्या दारात उतरली. भाचीच्या खुर्चीवर आपण आपल्याच हातानं गदा आणली, असं बाळासोला वाटलं.

तो खिडकीशी उभा राहिला. तहसीलदारांनी ठरावाच्या बाजूचे हात वर करायला सांगितले. सवयीनं बाळासोनं मोजले. आठ. पुन्हा मोजले. आठच. रत्नव्वाचे दोन्ही हात पदराखाली होते.

धैर्यशीलनं डोळे वटारले तशी ती उभी राहिली. “माझी सही खोडली म्हणून मी रागावलोतो. पर ह्या मामा-भाचीला वेळेचं याडच हाय. भाचीचं पद जाणार म्हाईत असून ह्या गड्यानं आम्हास्नी वेळेत आणलं. आन् त्या दिवशी माझ्याआधी तुझीच सही खोडली हुती तिनं, धैर्यशील. तू ठरावाचा पुढारी झालास, मी तुझ्या मागनं आलो. आता मागं सरतो.”

ठराव पडला. धैर्यशील तणतणत बाहेर आला, बाळासोसमोर थांबला. मारतो की काय असं वाटत असतानाच म्हणाला, “गाडी नीट झाली की कळव. पुढल्या महिन्यात माझ्या पावण्यांच्या गावचा ठराव हाय.”

मग प्रियदर्शनी आली. बाळासोला मान वर करवेना. आईनं फोन केल्याचं तिला कळलं होतं.

“मामा, तुम्ही गाडी बंद पाडली असती, तर खुर्ची तशीही राहिली असती,” ती म्हणाली. “पर उद्यापास्नं मी कुणाची सही कुठल्या तोंडानं खोडली असती?”

बाळासोला भडभडून आलं. तीन दिवस दाबून ठेवलेलं सगळं डोळ्यांतून वाहिलं. डोळे पुसत त्यानं तिच्याकडं आधी तांब्याभर पाणी मागितलं आणि मग तिच्या नवऱ्याच्या जुन्या चपला.