व्याह्यांचा पेनड्राइव्ह आणि पेला

दोन हजार तेवीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि तोवर माझ्या व्याह्यांइतका हट्टी माणूस मी आरशाबाहेर पाहिला नव्हता. टेलिफोनच्या कचेरीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ कुठेही गेला तरी चहासाठी स्वतःचा स्टीलचा पेला नेई आणि कॉम्प्युटरसाठी स्वतःचा पेनड्राइव्ह. मशीनच्या पोटातल्या कशालाही हात न लावता कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरूनच चालू करायचा, हे त्यांचं सोवळं. त्यांच्याच भाचीच्या साखरपुड्यात यजमानांचा बंद पडलेला लॅपटॉप त्यांनी असाच उठवला. तोवर अंगठ्या घालून झाल्या होत्या आणि फोटोत व्याह्यांची फक्त पाठ आली.

मी चौथी नापास. भाईंदर पूर्वेला भांड्यांवर नावं घालतो, पन्नास वर्षं घालतोय. आमच्या दोघांच्या नातीच्या, माझ्या लेकीच्या लेकीच्या लग्नाची सगळी भांडी मीच कोरणार, असं चारचौघांत सांगून बसलो होतो, आणि वर्षभर माझा उजवा हात थरथरत होता. कोणाला बोललो नव्हतो. एके दिवशी व्याही दुकानात आले. माझ्या बशीत सांडलेला चहा त्यांनी पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

"ते तुमच्या पोराने घेऊन दिलेलं कोरायचं मशीन चादरीखाली कशाला ठेवलंय? मला पेनड्राइव्ह तपासायचाय."

"मशीनला अक्षर नसतं," मी म्हणालो.

"तुमचं शिकवू." पोरांच्या लग्नात मीच नाव घातलेला हंडा त्यांनी घरून आणला आणि त्यावरच्या अक्षरांचे फोटो काढले.

मशीनसोबत आलेला कॉम्प्युटर त्यांनी पेनड्राइव्हवरून चालू केला. मशीन चाललं, पण अडखळत. 'म'ची काठी करवतीसारखी आली. व्याही म्हणाले, पेनड्राइव्हवर कर्नेल असतो, म्हणजे कॉम्प्युटरचा मुकादम. तो मधेच दुसरी कामं काढतो आणि कोरायच्या सुईला ताटकळत ठेवतो. सुईची हाक आली की हातातलं टाकून धावेल, असं ठिगळ त्याला लावायला हवं. लावून आणलं. अक्षर तसंच. पुन्हा लावलं, वायर बदलली. आठ दिवस गेले, लग्न पंधरवड्यावर आलं.

नवव्या दिवशी मी डोळे मिटून ऐकत बसलो. "अहो, आवाज पहिल्या दिवसाचाच आहे. तुम्ही काहीच बदललेलं नाही."

"आठ दिवस दुसरं काय करतोय मी?"

"मग बदललेलं चालू होत नाहीये. मला कॉम्प्युटर कळत नाही, ठोका कळतो."

व्याही खुर्ची ओढून बसले. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला आणि या वेळी पडद्याकडे नीट बघितलं. पेनड्राइव्हवर जुना आणि ठिगळ लावलेला, दोन्ही मुकादम होते. जुन्याचं नाव वर, म्हणून दर वेळी तोच कामाला लागत होता.

"चौथी नापास," ते पुटपुटले आणि खालचं नाव निवडलं. सुई सरळ गेली. ताटावर नातीचं नाव उमटलं, मृणाल, माझ्या सव्वीस वर्षांपूर्वीच्या हाताचं.

मी ते ताट बराच वेळ पुसत राहिलो. "लोकांना काय सांगायचं?"

"अक्षर तुमचंच आहे. मी तर पेनड्राइव्ह तपासत होतो," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा पेला विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन चालू करण्याआधी तो पेला मांडीत धरला आणि हातानेच त्यावर व्याह्यांचं नाव घातलं. अक्षर थरथरलं. ते तसंच ठेवलं, आणि गोडदेवला त्यांच्या घरी जाऊन पेला त्यांच्या हातात दिला.