आत्यांच्या भिंतीवरची काच

फोन आला तेव्हा मी आत्यांच्या खोलीच्या भिंतीवर पाणी मारत होते. नवीन प्लास्टरला आठवडाभर दोन वेळा पाणी द्यावं लागतं आणि मिस्त्री ते हमखास विसरतो, असं आत्यांचं ठाम मत. म्हणून आमच्या भाड्याच्या घरातून दोन गल्ल्या चालून मी रोज सकाळ-संध्याकाळ तिथे जात होते. फोनवर माझा नवरा, प्रकाश होता. "वैजू, घरी ये," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "कुठल्या घरी?" "आत्यांपाशी," तो म्हणाला आणि मला कळलं. प्रकाशच्या सख्ख्या आत्या, कुमुदआत्या, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, भाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर, जेवून जरा आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. ज्या घरात त्यांनी उभा जन्म काढला, त्या घरात त्या वेळी मी होते, हातात पाइप धरून. याला आता पाच आठवडे झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, भाग्यवान होत्या, कुणाला त्रास न देता गेल्या. मी मान डोलावते. पण शेवटचे दोन महिने त्या स्वतःच्या घरात का नव्हत्या, हे मी अजून कुणाला धड सांगितलेलं नाही.

आम्ही मूळचे सरकारी क्वार्टरवाले. लग्न होऊन दिल्लीत आले तेव्हापासून सव्वीस वर्षं सरोजिनी नगरच्या दोन खोल्यांत काढली. क्वार्टरमधल्या माणसाची एक वेगळीच जात असते. तो भिंतीत खिळा ठोकत नाही, कारण भिंत सरकारची. नळ गळला की इन्क्वायरीत, म्हणजे कॉलनीच्या दुरुस्ती ऑफिसात, तक्रार लिहून येतो आणि निवांत होतो, कारण नळही सरकारचा. आणि तो जमिनीत झाड लावत नाही. लावलंच तर कुंडीत, कारण कुंडी उचलून नेता येते. माझा कढीपत्ता अकरा वर्षं एका कुंडीत होता. प्रकाश रिटायर झाला, क्वार्टर सोडायची वेळ आली आणि फरिदाबादला आजोबांच्या घरी जायचं ठरलं, तेव्हा ती कुंडी मांडीवर घेऊन मी टेम्पोत पुढे बसले. आजोबांनी, म्हणजे आत्यांच्या वडिलांनी, ते घर बांधलं तेव्हा आजूबाजूला म्हणे शेतं होती. आता चहूबाजूंनी चार-चार मजले उठलेले आणि मध्ये हे एकमजली घर, मागे लांबट अंगण, अंगणात लिंबाचं झाड, हातपंप आणि एकट्या आत्या. आत्या कडक म्हणून नातेवाइकांत प्रसिद्ध होत्या, आणि इथे तक्रार लिहायला इन्क्वायरी नव्हती.

आत्यांनी केंद्र सरकारच्या एका ऑफिसात पस्तीस वर्षं इमारतींचे नकाशे काढले. लग्न केलं नाही. का, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. त्यांच्या बोलण्यात डावं-उजवं नसायचं, दिशा असायच्या. साखरेचा डबा उत्तरेच्या फडताळात. गळका नळ पूर्वेचा. जेवताना प्रकाशला म्हणायच्या, "ताट जरा पश्चिमेला घे, आमटी सांडशील." पहिले काही दिवस मी स्वयंपाकघरात उभी राहून सूर्य कुठून उगवतो ते आठवत बसायचे. आम्ही आलो त्या संध्याकाळी त्यांनी ट्रेसिंग पेपरवर काढलेला घराचा नकाशा माझ्यापुढे उलगडला. कुठला पाइप कुठून जातो, अंगणाचा उतार कुठे आहे, कुठल्या दाराला पावसाळ्यात खांदा द्यावा लागतो, सगळं बारीक सुबक अक्षरात. आता घर तुमच्या हाती, एवढं म्हणून त्या भाजी चिरायला गेल्या. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाली ती भीतीच. मी मुळातच धास्तावलेली बाई. गॅस बंद केला की नाही, हे पाहायला जिन्यावरून तीनदा परत येणारी. एवढं मोठं घर आपल्यावर सोपवलं जातंय, हे मला झेपण्यातलं नव्हतं.

दसरा झाला आणि शेजारचं घर पाडायला घेतलं. बिल्डरला तिथे चार मजले आणि खाली तळघर हवं होतं. त्याच्या जेसीबीनं आमच्या भिंतीला अगदी लागून खणायला सुरुवात केली. फडताळातली भांडी दिवसभर किणकिणत राहायची. आठ दिवसांत आत्यांच्या खोलीत, खिडकीच्या कोपऱ्यातून, एक तिरकी चीर खाली उतरली. केसाएवढी बारीक, पण मला तिच्याशिवाय दुसरं काही दिसेना. प्रकाश म्हणाला, "यार, जुनं घर आहे, थोडंफार होतंच." मी मात्र सगळ्यांची कागदपत्रं एका पिशवीत भरून दाराशी ठेवली आणि नोएडातल्या फ्लॅटची चौकशी सुरू केली. आत्या ते पाहत होत्या. त्यांनी जाऊन बिल्डरला चार शब्द सुनावले, त्यानं "बिल्कुल, आंटीजी" म्हणून मान हलवली आणि खणणं चालू ठेवलं. मग एका सकाळी त्यांनी पत्र्याच्या डब्यातून बोटभर रुंदीची काचेची पट्टी काढली, चिरेवर आडवी धरली आणि दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसचे गोळे लावून भिंतीला चिकटवली. एका गोळ्यावर लाल रंगानं तारीख घातली. भिंत किंचित जरी हलली, तरी ही काच तडकते, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. ऑफिसातल्या जुन्या इंजिनियरांची ही रीत होती. मग हात पुसत माझ्याकडे वळल्या. "ही तुटली तर त्याच दिवशी सामान बांधायला घ्यायचं. मी पण. पण तोवर रोज रोज घाबरायचं नाही. ठरलं?" मी हो म्हणाले आणि दाराशी ठेवलेली पिशवी कपाटात ठेवली.

खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मी ती काच तुटायची वाट पाहू लागले. रोज सकाळी चहाआधी टॉर्च घेऊन भिंतीशी जायचं, हा माझा नेम झाला. आत्या स्वयंपाकघरातून विचारायच्या, "काय म्हणते?" मी म्हणायचे, "आहे तशी." हे म्हणताना मन खट्टू व्हायचं. एकदा तर मी अंगठ्यानं काच जराशी दाबून पाहिली. तुटली असती तर सुटले असते... नोएडाच्या अकराव्या मजल्यावर, जिथली भिंत सोसायटीची आणि काळजीही सोसायटीची. काच काही तुटली नाही. नोव्हेंबरात हवा बिघडली आणि नेहमीप्रमाणे बांधकामांवर बंदी आली. सगळी दिल्ली खोकत होती, आणि आमच्या घरात मात्र सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. जेसीबी थांबला तशी मला अंगणाची शांतता पहिल्यांदा ऐकू आली.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघी दुपारभर उन्हात बसून मटार सोलत असू. आत्या ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवायच्या आणि मलाही सरकवायला लावायच्या. अंगणातलं पाणी कुठे मुरतं आणि कुठे साचतं, लिंबाला कधी खत घालायचं, हातपंपाचा वॉशर कसा बदलायचा, हे सगळं मी तिथे शिकले. तो वॉशर मी स्वतः बदलला आणि पाणी आलं, तेव्हा मी प्रकाशला झोपेतून उठवून दाखवायला आणलं होतं. एकदा कॅलेंडर लावायला खिळा ठोकू का, असं मी आत्यांना विचारलं. त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली आणि विचारतेस कुणाला, असं उलट मलाच विचारलं. मार्चमध्ये मी कढीपत्ता जमिनीत लावायला घेतला. मुळांनी कुंडी आतून इतकी धरली होती की ती फोडावीच लागली. आत्या शेजारी उभ्या होत्या. "आता हे झाड उचलून नेता येणार नाही, माहितीये ना?" म्हणाल्या. मी खड्ड्यात माती लोटत राहिले. दोन महिन्यांत ते माझ्या कमरेएवढं झालं.

शेजारचं काम पुढे रखडतच चाललं आणि पावसाळ्यात त्या अर्धवट तळघरात पाणी साचलं. ऑगस्टमध्ये आत्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. प्रकाश त्यांना घेऊन सकाळी सातला निघाला आणि मी नेहमीसारखी टॉर्च घेऊन भिंतीशी गेले. काच मधोमध तडकली होती. जिची मी इतके महिने वाट पाहिली तीच गोष्ट समोर होती, आणि मला सुटल्यासारखं वाटलं नाही. मला राग आला. कुणीतरी माझं काहीतरी हिसकावून घेतंय असा राग. मी अंगणात जाऊन आले, परत काच पाहिली, परत अंगणात गेले. मग आत्यांच्या डब्यातून तशीच दुसरी पट्टी काढली, उरलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस कालवलं, जुनी काच खरवडून काढून नवी लावली. तीच जुनी तारीख माझ्या लाल नेलपॉलिशनं आत्यांच्या अक्षरासारखी घातली. तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकले. ही गोष्ट मी प्रकाशलाही सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून बसलेल्या आत्यांनी विचारलं, "काय म्हणते?" मी म्हणाले, "आहे तशी." त्याच भिंतीखाली त्यांची कॉट होती, आणि मी हे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दिवसा घरात चष्मा काढायला परवानगी दिली. नव्या डोळ्यानं आत्या सगळीकडे हिंडून पाहू लागल्या. वर्तमानपत्रातल्या बारीक जाहिराती वाचून दाखवल्या, माझ्या केसांतले पांढरे मोजले. मग त्यांच्या खोलीतून बराच वेळ आवाज आला नाही. मी गेले तर त्या भिंतीशी उभ्या होत्या. "तारखेतल्या सातच्या आकड्याला मी मध्ये आडवी रेघ देते, वैजू," त्या म्हणाल्या. "कधी तुटली?" मी सांगितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चहा मागितला, चहा प्यायला आणि मग ऑफिसातल्या एका जुन्या इंजिनियरला फोन लावला. तो संध्याकाळी येऊन पाहून गेला. घराच्या पायाला आधार द्यावा लागेल, तीनेक महिने लागतील, म्हणाला. समोरच्या खोल्यांत राहिलात तर बहुधा काही होणार नाही, असंही म्हणाला. त्या 'बहुधा'ला धरून मी आत्यांची खूप मनधरणी केली. माफी मागितली, रडले. प्रकाशनंही, चलो, पुढच्या खोलीत झोपू, असं सुचवून पाहिलं. आत्यांचं एकच. ठरलं होतं. आठ दिवसांत आम्ही दोन गल्ल्यांपलीकडे राहायला गेलो. निघताना त्यांनी मिस्त्रीला पूर्वेचा नळ गळतो हे दोनदा बजावलं.

भाड्याच्या घरात त्या दिशा बोलायच्या थांबल्या. साखरेचा डबा 'तो तिथला' झाला. पहिल्या आठवड्यात एकदा त्यांनी मला बाल्कनीत बोलावून विचारलं, "इथे उत्तर कुठे गं?" मी हात करून दाखवलं, त्यांनी मान हलवली, आणि परत कधी विचारलं नाही. जेवण कमी झालं. डॉक्टर म्हणाले, वय आहे. मला ते पटत नव्हतं, अजून पटत नाही. मी ती काच बदलली नसती, सरळ सांगितलं असतं, तरी बाहेर पडावं लागलं असतंच, हे मला समजतं. पण मग आम्ही दोघी मिळून, ठरवून बाहेर पडलो असतो. आता त्या माझ्यामुळे बाहेर काढल्यासारख्या तिथे बसल्या होत्या, असं मला रोज वाटायचं.

त्या गेल्या त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या पायांना तेल लावत होते तेव्हा हे सगळं बोलून टाकलं. मग म्हणाल्या, "आलीस तेव्हा तू रोज ती तुटायची वाट बघायचीस. मला दिसत नव्हतं का? ...नंतर तूच खोटं बोललीस, तेव्हा मला बरं वाटलं, बाई. म्हटलं, चला, घराला माणूस मिळालं." तेलाची वाटी बाजूला ठेवून मी त्यांचे पाय पुसू लागले. मग त्या म्हणाल्या, "पण पुढच्या वेळी बदलू नकोस. तुला घर आवडलंय, हे भिंतीला कळत नाही." मी हो म्हणाले. पाय आत घेऊन त्यांनी पांघरूण ओढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

भिंतीचं काम पुरं होऊन आम्ही परत आलो त्याला आता दहा दिवस झाले. इंजिनियर म्हणाला, अब काँच की जरूरत नहीं, भाभीजी. मी तरी लावून घेतली, आणि तारीख माझ्या अक्षरात घातली. शेजारी पहिला मजला चढतो आहे. आत्यांच्या खोलीत आता मी झोपते. रोज सकाळी चहाआधी उठून टॉर्च लावते, काच पाहते आणि रिकाम्या खोलीत मोठ्यानं "आहे तशी" म्हणते. मग क्षणभर तिथेच थांबते. त्यांच्या पत्र्याच्या डब्यात काचेची एक पट्टी अजून शिल्लक आहे. ती फेकून द्यावी म्हणून मी तीनदा डबा उघडला आणि तीनदा तसाच बंद केला. मी आत्यांना हो म्हणाले होते, ते खरं की खोटं, हे ती काच तुटेपर्यंत मला कळणार नाही.